टेबलावरच्या संगणकाने शोधलेला तारा

२०१० साली जंबुक तारकासमूहात एक नवा पल्सार, म्हणजे फिरता फिरता रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा, सापडला. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा हा विझलेला तारा स्वतःभोवती सेकंदाला जवळजवळ ४१ फेऱ्या मारतो. अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने त्याचे ठोके २००७ मध्येच टिपले होते, पण ते गोंगाटात बुडालेले होते. ते वेगळे काढले अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झमधल्या एका गृहस्थाच्या संगणकांनी. तिघांपैकी खगोलशास्त्रज्ञ कोणीच नव्हतं. ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या प्रकल्पाला त्यांनी आपल्या संगणकाचा रिकामा वेळ देऊ केला होता, एवढंच.

ही बातमी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ताऱ्यापेक्षा त्या संगणकांचंच अप्रूप वाटलं. आपण एखादं पान वाचत असतो किंवा चहाला उठतो, तेव्हा आपला प्रोसेसर जवळपास काहीच करत नसतो. त्या वेळेत त्याच्याकडून खरोखरीचं संशोधन होऊ शकतं.

कल्पना जुनी आहे. मर्सेन प्रकारच्या, म्हणजे दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या, प्रचंड मूळ संख्या शोधणारा ‘गिम्प्स’ हा प्रकल्प १९९६ पासून चालू आहे, आणि त्याला २०२४ मध्ये सापडलेल्या संख्येत चार कोटी दहा लाखांहून जास्त अंक आहेत. पण घराघरांत ही कल्पना पोचवली ती मे १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेटी ॲट होम’ने. बर्कलीच्या विद्यापीठातून अरेसिबोच्या नोंदींचा १०७ सेकंदांचा एकेक तुकडा येई आणि आपला संगणक त्यात परग्रहावरचा संदेश शोधत बसे. संदेश मिळाला नाही. मात्र लाखो अनोळखी माणसांच्या संगणकांवर भरवशाचं विज्ञान करता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. त्याच मंडळींनी पुढे ‘बॉइंक’ हे सॉफ्टवेअर घडवलं, आणि आज असे कितीतरी प्रकल्प त्यावर चालतात.

भरवशाचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. एखाद्याचा संगणक तापून चुकीचं उत्तर देऊ शकतो, एखादा मुद्दाम खोटं उत्तर पाठवू शकतो. म्हणून बरेच प्रकल्प एकच काम दोन वेगवेगळ्या ठिकाणी पाठवतात. दोन्ही उत्तरं जुळली तरच ती स्वीकारायची, नाही तर तेच काम तिसऱ्याकडे द्यायचं.

आकाशातल्या नोंदींचे तुकडे पाडणं त्यातल्या त्यात सोपं, कारण एका तुकड्याचा दुसऱ्याशी संबंध नसतो. प्रथिनांचं मात्र तसं नाही. प्रथिनाची लांब साखळी स्वतःला घडी घालून ठरावीक आकार घेते, आणि घडी चुकली तर आजार होऊ शकतात. ही हालचाल संगणकावर बघायची तर प्रत्येक अणूवरचं बल काढून त्याला किंचित पुढे सरकवायचं, की पुन्हा बल काढायचं. एक पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचं; सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. अशाने सेकंदाचा फक्त एक हजारावा भाग बघायला ५० हजार कोटी पावलं लागतात, आणि आधीच्या पावलाशिवाय पुढचं टाकता येत नाही. मग हे काम वाटायचं कसं?

२००० मध्ये सुरू झालेल्या ‘फोल्डिंग ॲट होम’ने यावर काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. प्रथिन बराच काळ एका आकारात थरथरत राहतं आणि मग अचानक दुसऱ्या आकारात उडी घेतं. ही उडी नशिबाचा खेळ असते. सहा फासे एकदम टाकून सगळ्यांवर षटकार यायला सरासरी ४६,६५६ वेळा टाकावे लागतील. हजार माणसं एकाच वेळी टाकू लागली, तर पन्नासेक फेऱ्यांत कुणाला तरी ते पडण्याची चांगलीच शक्यता असते. तसंच हजारो संगणकांनी छोटे छोटे प्रवास करायचे, काहींना उडी दिसते, आणि मग संख्याशास्त्राच्या मदतीने त्या तुकड्यांतून सगळा नकाशा जुळवायचा. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत लोकांनी इतके संगणक जोडले, की प्रकल्पाचा वेग सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितक्रियांपलीकडे गेला. तेव्हाच्या कुठल्याही महासंगणकाला तो वेग नव्हता. त्या गणितातून विषाणूचं काटेरी प्रथिन जबड्यासारखं किती उघडतं, ते दिसलं.

माझ्या पडद्यावर यातलं काहीच भव्य दिसत नाही. कामाचं नाव, एक पट्टी, ३७.४१ टक्के, उरलेला वेळ, मुदतीची तारीख. माउस हलवला की काम थांबतं, हात काढला की थोड्या वेळाने पुन्हा सुरू. अधूनमधून झालेलं काम डिस्कवर साठवलं जातं, त्यामुळे वीज गेली तरी सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही.

हे दान फुकटचं मात्र नाही, आणि ते तसं सांगूही नये. १९९९ मधला संगणक रिकामा असतानाही बरीच वीज खायचा. आताचे प्रोसेसर काम नसलं की स्वतःच झोपी जातात, म्हणजे हे काम केलं की विजेचं बिल वाढणारच. लॅपटॉप तापतो, पंखा घोंघावतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा अर्धाच वाटा द्यावा, आणि बॅटरीवर असताना काम बंद राहील असं बघावं. कचेरीचा संगणक असेल तर आधी परवानगी घ्यावी. तो आपला नसतो, आणि वीजही आपली नसते. सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावं.

आणि सोडायचं ठरलं तर एक करावं. ‘नवं काम नको’ हा पर्याय निवडून हातातली कामं संपू द्यावीत, मगच सॉफ्टवेअर काढून टाकावं. नाही तर तुमच्याकडे अडकलेला तुकडा मुदत उलटेपर्यंत तसाच पडून राहतो, आणि जोडीच्या संगणकाने केव्हाच पाठवलेलं उत्तर तुमच्या उत्तरासाठी खोळंबतं.