वरातीतला बँड, मेरठचं पितळ आणि माझा ट्रंपेट

लहानपणी सांगलीत हरभट रोडवरनं वरात निघाली की मी जेवण टाकून पळायचो, नवरदेव बघायला नाही तर ट्रंपेटवाल्याची बोटं बघायला. तीनच खटके आणि त्यातनं अख्खं गाणं कसं निघतं हे कोडं मला तेव्हा पडलेलं. यंदा भाचीच्या लग्नात बँड सांगितला, तिथल्या मास्तरांनी वाद्य हातात दिलं आणि ते वेड परत लागलं. मग हे सगळं आलं कुठून ते शोधत बसलो.

तर हे खटके म्हणजे व्हॉल्व्ह. त्याआधी ट्रंपेट बिगुलासारखाच, ठरावीक सूर सोडून बाकीचे नीट निघायचेच नाहीत. 1818 साली प्रशियात श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. मधला खटका दाबला की सूर अर्धा उतरतो, पहिला दाबला की एक पूर्ण, तिसरा दाबला की दीड. म्हणजे नळी तेवढी लांब होते, बाकीचं काम ओठांचं. पुढं इंग्लंडात खाणी आणि गिरण्यांतल्या कामगारांनी याचे बँड काढले, आणि आपल्याकडं हे पितळ आलं ते मुख्यतः गोऱ्या पलटणींबरोबर.

त्यांचं बघून संस्थानिकांनीही आपापले बँड उभे केले, दरबाराला, स्वारीला बँड पाहिजेच. फौजेत नाहीतर दरबारात शिकलेली माणसं बाहेर पडून लग्नात वाजवू लागली, आणि 1948 मध्ये सांगलीसकट दक्षिणेतली संस्थानं विलीन झाल्यावर राजाश्रय गेला तो गेलाच, बँड उरला तो वरातीचा. अंगातला तो झुबकेदार लाल कोट बघा, खांद्यावरच्या पट्ट्या बघा, सगळा थाट लष्करी आहे.

शेजारचं मिरज तंबोरे-सतारींसाठी देशभर नावाजलेलं, पण बँडचं पितळ बनतं मेरठच्या जली कोठीत. तिथली नादिर अली कंपनी 1885 ची.

नंतर आमच्या भागात डॉल्बी आला. छाती हादरवणाऱ्या त्या भिंतीपुढं फुंकून वाजवणाऱ्याचं काय ऐकू येणार. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद केले तरी तोवर कितीतरी बँड मोडले होते, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ही माणसं नोटेशन न बघता, नुसतं कानानं ऐकून गाणं बसवतात आणि क्लॅरोनेटवाला तर ओठ सैल करून मींडसुद्धा घेतो, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर न तुटता घसरत जातो.

आता दर रविवारी मास्तरांकडं जातो. आधी चिंचेनं पितळ घासायचं, खटक्यांत तेल सोडायचं, नळीत साचलेलं पाणी खालची चावी दाबून काढायचं, मग फक्त सा. मास्तर म्हणतात, "गाल फुगवू नका, पोटातनं येऊ द्या." मागच्या रविवारी तो पहिल्यांदा न थरथरता लागला.