डार्क, गडद आणि अंधारं पाख

तालुक्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात तासभर बसलं की 'डार्क' हा शब्द दहादा तरी कानावर पडतो. 'लाइट नको भाऊ, मळते लवकर. डार्क दाखवा.' हे म्हणणारी बाई शाळेत गेलेली असेलच असं नाही. पण तिला उशीर झाला आणि गावच्या फाट्यावर उतरताना दिवस बुडालेला असला, तर ती 'डार्क झाला' असं चुकूनही म्हणणार नाही. 'अंधार पडला व माय' म्हणेल आणि पाय उचलेल. अंधारासाठीचा इंग्रजीतला हा सर्वांत साधा शब्द आमच्याकडे आला तो कापडाच्या ठाणावरून. रात्रीसाठी आमचे शब्द आधीपासूनच होते.

शाळेत मात्र उलटं झालं. 'डार्क म्हणजे अंधार' हे पाठ करूनच आम्ही इंग्रजी शिकलो. आठवीत मी 'डार्क ब्लू'चं भाषांतर 'अंधारा निळा' असं केलं होतं. गुरुजी हसले, मग वर्ग हसला, आणि मला पुढचे कित्येक महिने त्याच नावाने हाक पडत होती. आता वाटतं, चूक पूर्ण माझी नव्हती. इंग्रजी एकाच शब्दाला तीन कामं सांगते: उजेड नसणं, रंग दाट असणं आणि कातडीचा वर्ण. मराठीने ही कामं वाटून दिली आहेत. उजेड नसला की अंधार, रंग दाट असला की गडद किंवा गर्द, आणि माणूस असला की सावळा. स्थळ सांगून आलेल्या मुलीला कोणी 'गडद' म्हटलं तर भांडणच होईल.

'डार्क'चं जुनं इंग्रजी रूप 'देओर्क'. हजार वर्षांहून जुन्या 'बेओवुल्फ' या काव्यात माणसं मारणाऱ्या राक्षसाला काळी मरणछाया म्हटलं आहे, तिथे हाच शब्द आहे. त्याचं नातं जुन्या जर्मनमधल्या 'लपवणे' अशा अर्थाच्या क्रियापदाशी जोडतात. आपल्या कुठल्या शब्दाशी त्याची सोयरीक नाही. ती आहे 'नाइट'ची. संस्कृत 'नक्त', लॅटिन 'नॉक्स' आणि इंग्रजी 'नाइट' ही एकाच घरची भावंडं. दिवसभर उपाशी राहून रात्री एकदा जेवण्याच्या व्रताला आपण नक्त म्हणतो. म्हणजे नक्त धरणाऱ्या आजीबाई तो जुना शब्द अजून वापरात ठेवून आहेत. 'तमस्' आणि अंधारासाठीचा लॅटिन शब्द 'तेनेब्रे' हेही असेच नातेवाईक.

इंग्रजीतले बाकीचे समानार्थी शब्द ठिकठिकाणांहून गोळा झालेले. 'मर्क' हा उत्तरेकडच्या नॉर्स भाषेशी नातं सांगणारा. 'ऑब्स्क्युअर' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. 'डस्क' आता तिन्हीसांजेचा शब्द झाला आहे, पण मुळात तो काळपट रंग सांगायचा. 'ग्लूम'ची गंमत वेगळीच. आधी त्याचा अर्थ कपाळाला आठ्या घालून बघणं असा होता, अंधाराचा अर्थ त्याला सतराव्या शतकात, मिल्टन या इंग्रज कवीच्या काळात चिकटला. आधी तोंड उतरलं, मग उजेड उतरला.

लाक्षणिक अर्थही वाढत गेले. चौदाव्या शतकात पेत्रार्क या इटालियन कवीने रोमच्या पडझडीनंतरच्या काळाला अंधाराचा काळ मानलं. मराठी इतिहासाच्या पुस्तकांतलं 'तमोयुग' त्याच परंपरेतलं. 'डार्क हॉर्स' १८३१ साली डिझरायली या इंग्रज लेखकाच्या कादंबरीत घोड्यांच्या शर्यतीत धावला आणि आता जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत धावतो. आमच्या पारावर मात्र त्याला छुपा रुस्तमच म्हणतात. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाने न दिसणाऱ्या पदार्थासाठी 'डार्क' हेच विशेषण वापरलं, तेही जर्मनमध्ये. मराठीत त्याचं कृष्णद्रव्य झालं. इथेही 'अंधार' बाजूलाच राहिला.

आपल्याकडचा साठा बघायचा तर अमरसिंहाच्या अमरकोशापासून, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशापासून सुरुवात करावी लागते. अंधकार, ध्वान्त, तमिस्र, तिमिर, तमस् अशी नावं दिल्यावर अमरसिंह थांबत नाही, तो प्रतवारी लावतो. दाट असेल तर अंधतमस, विरळ असेल तर अवतमस, चहूकडून वेढणारा असेल तर संतमस. आणि हे सगळं आकाशाच्या किंवा काळाच्या वर्गात नाही, पाताळाच्या वर्गात, सापांच्या शेजारी आहे. रात्री अनवाणी वावरात गेलेल्या माणसाला हा शेजार समजावून सांगावा लागत नाही.

यांपैकी 'अंधकार' प्राकृतातून झिजत 'अंधार' झाला. त्यात दडलेला 'अंध' म्हणजे आंधळा. 'तिमिर' लोकांच्या तोंडी राहिला तो पसायदानामुळे. १२९० पासून 'दुरितांचें तिमिर जावो' म्हटलं जातंय. आयुर्वेदात तिमिर हा डोळ्यांचा आजारही आहे, सुश्रुतसंहितेत तो सविस्तर येतो. डोळ्यांपुढे 'अंधारी' येते तीही याच जातीची. जनावराच्या डोळ्यांवर बांधायच्या झापडेलाही अंधारीच म्हणत. म्हणजे बाहेरचा अंधार आणि डोळ्यातला अंधार, या दोन गोष्टी भाषेने कधी फारशा वेगळ्या केल्याच नाहीत.

'काळोख' हा शब्द मला पुस्तकातून कळला. आमच्या घरात तो कोणी बोललेलं आठवत नाही. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, डोळा डोया होतो आणि काळा काया, त्यामुळे गावात 'काया अंधार' ऐकू येतो. त्याला मिट्ट, किर्र, गुडूप अशी विशेषणं जोडली की काळोखाची उणीव भासत नाही. त्यात हिंदीची सरमिसळ. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या हिंदी-मराठी प्रांताचा भाग राहिलं. म्हणून इकडची बाई 'डार्क'च्या आधी 'गहरा रंग' मागायची, आणि तलाठ्याकडे खेटे घालून दमलेला माणूस आजही 'अंधेर हाय सारा' म्हणतो.

खरा अंधार गावात मोजला जातो तो पाखांनी. पंधरा दिवसांचं चांदणं पाख, पंधरा दिवसांचं अंधारं पाख. बैलांचा सर्वांत मोठा सण असलेला पोळा श्रावणातल्या अमावास्येला, म्हणजे अंधाऱ्या पाखाच्या टोकाला येतो. जागलीची चिंताही पाखावर ठरते. तूर, हरभरा उभा असला की रानडुकरं आणि रोही राखायला रात्रभर मचाणावर बसायचं, ती जागल. चांदण्यात लांबूनच जनावर दिसतं. अंधाऱ्या पाखात फक्त आवाज. वेळ आभाळावरून कळायची. उत्तरेला म्हातारीची बाज, तिचे चार खूर आणि मागे लागलेले तीन चोर. बाज किती कलली, यावरून रात्र किती उरली ते म्हातारे सांगत.

वीज आल्यावर अंधाराला नवा शब्द मिळाला आणि तो अंधाराचा नव्हताच: 'लाईन गेली.' भारनियमन हा सरकारी शब्द पेपरात राहिला. नागपूरजवळच्या कोराडीचं औष्णिक वीजकेंद्र १९७४ पासून, चंद्रपूरचं १९८३ पासून. आज चंद्रपूरची क्षमता २९२० मेगावॉट आहे. कोळसा आमचा, धूर आमचा, आणि लाईनही आमचीच जायची. बरं, ती आली तरी कृषिपंपाला थ्री फेज पाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. त्यामुळे गव्हाचं ओलीत करायला माणूस डिसेंबरच्या थंडीत रात्री एक वाजता बॅटरी घेऊन धुऱ्यावर उभा. दिवसा पाणी देता यावं म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. तिच्या सुरुवातीच्या दोन प्रायोगिक गावांपैकी एक यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी होतं. रात्रीची पाळी काही लगेच संपली नाही.

आणि मग जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क' एकदाचा त्याच्या मूळ अर्थाने विदर्भात पोचला. पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचं आभाळ दिव्यांच्या उजेडापासून राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलावे लागले, उजेड वर न जाता खालीच पडावा म्हणून. आता शहरातले लोक पैसे मोजून आभाळ बघायला येतात. त्यांना दुर्बिणीतून सप्तर्षी दाखवतात. मचाणावरच्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो हात वर करून म्हणेल, 'थे पाय, बाज.'