जर्मनचा सांगाडा आणि खारा वारा

“ॲल्युमिनियम गंजत नाही रे,” असं मामा तीस वर्षं सांगत आले, आणि त्याच भरवशावर त्यांनी ती सायकल पडवीत ठेवून दिली. मामा बोटीवर होते. नव्वदच्या दशकात कुठल्याशा बंदरातून त्यांनी ही जाड नळ्यांची माउंटन बाइक हर्णैजवळच्या घरी आणली. यंदा मे महिन्यात ती बाहेर काढली तेव्हा चेनचं तांबडं ढेकूळ झालं होतं. फ्रेम लांबून धडधाकट वाटत होती. जवळ गेल्यावर मात्र रंगाखाली वाळवीनं वाटा काढाव्यात तशा फुगीर रेघा दिसल्या, बोल्टांभोवती पांढरी भुकटी साठलेली, आणि सीटचा दांडा तसूभर हलायला तयार नव्हता.

मामांचं म्हणणं निम्मं खरं आहे. ॲल्युमिनियम हवेशी फार पटकन संयोग पावतं, आणि तेच त्याला वाचवतं. उघडं पडताक्षणी त्यावर ऑक्साइडची कात चढते. तिची जाडी दोन-चार नॅनोमीटर, म्हणजे आपल्या केसाचा साधारण वीस हजारावा हिस्सा. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. ही कात चिकटून राहते, ओरखडा गेला तरी लगेच भरून येते. माणिक आणि नीलम हीसुद्धा मुळात ॲल्युमिनियम ऑक्साइडचीच रूपं.

आजीच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्याच, पातेल्यांवर हीच कात होती. पण त्या पातेल्यात आजी कधी सोलं भिजत घालत नसे, आगळ तर बरणीतच. आंबटानं कात विरघळते, आणि चुना किंवा धुण्याच्या सोड्यासारख्या अल्कलीनंही. मिठाची तऱ्हा निराळी. त्यातला क्लोराइड कात सरसकट विरघळवत नाही, तिच्यातली कच्ची जागा हेरून तिथे भोक पाडतो. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे आमच्याकडे पाऊस नसतानाही फ्रेमवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतोच. रंगाचा टवका उडाला की तिथून हे काम आत शिरतं आणि रंगाखालून दोऱ्यासारखं सरकत जातं. वाळवीच्या वाटा म्हणतोय त्या ह्याच.

सीटच्या दांड्याची गोष्ट वेगळी आणि जास्त रंगतदार. मूळचा दांडा हरवल्यावर मामांनी बाजारातून पोलादी दांडा आणून बसवला होता. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, की झाली बॅटरी तयार. बंदरात मोठ्या बोटींच्या पंख्याजवळ जस्ताच्या वड्या ठोकलेल्या असतात. जस्त स्वतः झिजतं आणि शेजारच्या पोलाद-पितळेला वाचवतं. आमच्या सायकलीत जस्ताचं काम फ्रेमनं केलं, तेही दांड्याला वाचवण्यासाठी! तो दीडदमडीचा दांडा आतून बऱ्यापैकी शाबूत निघाला.

झिजलेलं ॲल्युमिनियम जातं कुठे? त्याचा मुख्यतः हायड्रॉक्साइड होतो, तीच पांढरी भुकटी. एका घनसेंटीमीटर धातूची भुकटी तीन घनसेंटीमीटरांहून जास्त जागा मागते. नळी आणि दांडा यांच्यातल्या केसभर फटीत ती कुठे मावणार? ती पाचरीसारखी घट्ट बसत जाते.

गंमत अशी की आमचं घर जांभ्याचं. युगानुयुगं पावसानं धुऊन उरलेला हा दगड लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांनी भरलेला असतो. ॲल्युमिनियमचा अंश जिथे पुरेसा वाढतो त्याला बॉक्साइट म्हणतात, आणि तो आमच्या दापोली तालुक्यात, शेजारच्या मंडणगडात सापडतो. बॉक्साइटमधलं एक प्रमुख खनिज गिबसाइट, आणि तेही ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइडच. किलोभर ॲल्युमिनियम त्यातून सोडवायला नुसत्या विद्युतविघटनाच्या टप्प्यावर १३ ते १५ युनिट वीज लागते. एवढा खर्च करून वेगळा काढलेला धातू मामांच्या पडवीत गुपचूप मातीकडे परत निघाला होता.

दांडा काढण्यासाठी सल्ले पुष्कळ आले. कॉस्टिक सोडा ओता, असं एकानं सुचवलं. पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा अडकला असता तर त्याला अर्थ होता. इथे सोड्यानं फ्रेमच खाल्ली असती, वर हायड्रोजन सुटला असता तो निराळाच. दुसरा गॅसची बत्ती घेऊन आला. त्याला मी हात जोडले. लोखंड तापलं की लाल होऊन इशारा देतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि तोवर उजेडात त्याचा रंग बदललेला कळतही नाही.

वितळण्याच्या कितीतरी आधी दुसरं नुकसान होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. त्याला बळकट करण्याची युक्ती जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये सापडली. तांबं आणि मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवलं, की ते नुसतं पडून राहिल्यावर काही दिवसांत आपोआप कडक होतं. आत मिसळलेले अणू हळूहळू गोळा होऊन सूक्ष्म कण बनतात, आणि धातूचे थर एकमेकांवर घसरू लागले की हे कण आड येतात. सायकलींत वापरला जाणारा ६०६१ हा मिश्रधातू मॅग्नेशियम-सिलिकॉनचा. जोडकाम झाल्यावर कारखान्यात फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवतात, झटक्यात थंड करतात आणि मग १६० ते १७५ अंशांत कित्येक तास मुरवत ठेवतात. बत्तीची ज्योत एकाच जागी धरली तर ते कण फुगून विरळ होतात आणि तेवढी जागा मऊ पडते. आर्गन वेल्डिंगवाल्यानं सांधा कितीही सुबक घातला तरी त्याच्या शेजारची ताकद निम्म्यावर येऊ शकते. चिरलेली जुनी फ्रेम जोडून घेण्यापेक्षा भिंतीवर लावावी, या मताचा मी आहे.

आम्ही उकळतं पाणी वापरलं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. २७ मिलिमीटरच्या नळीत साठ अंशांच्या फरकानं जेमतेम दोन शतांश मिलिमीटर मोकळीक मिळते, पण भुकटीची पकड मोडायला कधीकधी तेवढी पुरते. दांड्याचं टोक व्हाइसमध्ये आवळलं आणि फ्रेमलाच पाना करून थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवली. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी, बहुधा पाचव्या किटलीला, ‘कट्’ असा आवाज झाला. मामांना वाटलं फ्रेम मोडली.

मोडली नव्हती, पण तशी खात्री करून घेणं भाग होतं. पोलादावर ठरावीक मर्यादेच्या आतले धक्के कितीही बसले तरी चालतात. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नाही, प्रत्येक हिसक्याची नोंद होत राहते. शिवाय ते पोलादाच्या एक तृतीयांशच ताठ. म्हणून तर १९८३ मध्ये अमेरिकेच्या कॅननडेलनं आणलेल्या ॲल्युमिनियमच्या सायकलीच्या नळ्या एवढ्या गलेलठ्ठ होत्या. पत्र्याची जाडी तेवढीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर ताठपणा आठपट होतो. रंग काढून सांध्यांवर लाल भेदक रंग मारला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. भेग असली की त्यात शिरलेला लाल रंग पावडरीवर उमटतो. आमच्याकडे कुठेच उमटला नाही.

इथवर सगळं बरोबर केलं आणि पायडलच्या सांध्याजवळ माझाच हात चुकला. घाईत तारेचा ब्रश फिरवला. पोलादाचे कण ॲल्युमिनियमात रुतले आणि पहिल्या पावसात तिथे तपकिरी ठिपके आले, ठिपक्यांखाली खड्डे. तीच बॅटरी, फक्त बारीक. सगळं पुन्हा घासलं, या खेपेला नायलॉनच्या घासणीनं, आणि त्याच दिवशी ॲल्युमिनियमला धरणारा प्रायमर मारला. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते, वीसेक मिनिटांना फ्रेमचं काही बिघडत नाही. तरी मी साधा फवाऱ्याचा रंगच घेतला.

दांडा आता ॲल्युमिनियमचा आहे, भरपूर ग्रीस लावून बसवलेला, आणि दर महिन्याला सैल करून फिरवायचा असं ठरलंय. स्टेनलेसचे बोल्टसुद्धा ॲल्युमिनियमला पोलादासारखेच वैरी, म्हणून त्यांनाही ग्रीस. गणपतीआधी मामांनी पडवीच्या भिंतीला चुना काढला आणि सायकल नेमकी त्या ओल्या भिंतीला टेकवायला निघाले. आता ती वाशाला लटकते आहे, जुन्या टायरच्या ट्यूबनं बांधलेली.