सोयाबीनचं पीक आणि पडद्यावरचं पीक

वावरात पीक दाट हवं. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक द्रवाच्या प्रवाहात वेगळे करणारं यंत्र. त्याच्या पडद्यावरचं ‘पीक’ (घटक बाहेर पडताना आलेखावर उठणारं टोक) मात्र अरुंद आणि उंच हवं. तालुक्याच्या कॉलेजात सोयाबीनची प्रथिनं तपासायला घेतली की यंत्राला बहुधा औषधांसाठीचाच सी-18 कॉलम लावलेला असतो. कॉलम म्हणजे छिद्राळ कणांनी भरलेली नळी; सी-पुढचा आकडा म्हणजे त्या कणांवरच्या कार्बन साखळीची लांबी. त्याची छिद्रं 100 अँगस्ट्रॉमच्या (10 नॅनोमीटरच्या) आसपास. प्रथिनाचा थोराड रेणू त्यांत नीट शिरत नाही, शिरलाच तर वेळेवर निघत नाही. मग पीक पसरतं, मागे शेपूट राहते. इथे 300 अँगस्ट्रॉमचा सी-4 किंवा सी-8 कॉलमच हवा. महाग पडतो, पण त्याआधी बाकीची खटपट वायाच.

पिठातलं तेल हेक्सेनने काढा, पीएच 8 च्या ट्रिस बफरमध्ये तासभर ढवळा, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी 0.22 मायक्रॉनमधून गाळा. नायलॉनची गाळणी नको, ती प्रथिनं धरून ठेवते, पाण्याने भिजणारी (हायड्रोफिलिक) पीव्हीडीएफ प्लास्टिकची घ्या.

कॉलममधून वाहवायला एका बाटलीत पाणी, दुसरीत अ‍ॅसिटोनायट्राइल हा द्रावक, दोन्हींत 0.1 टक्के ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल. 214 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर मोजताना बेसलाइन (आलेखाची पायाची रेषा) वर चढत गेली तर दुसऱ्या बाटलीतलं आम्ल 0.085 वर आणा.

खरी गोम ग्रेडियंटमध्ये, म्हणजे अ‍ॅसिटोनायट्राइलचा टक्का हळूहळू वाढवत नेण्यात आहे. ठरावीक टक्क्यापर्यंत प्रथिन कॉलमला घट्ट चिकटून बसतं, तो ओलांडला की एकदम सुटतं. औषधांच्या सवयीने 10 मिनिटांत 5 वरून 95 टक्क्यांवर गेलात तर शेजारशेजारची प्रथिनं एकाच ढिगात येणार. आधी मिनिटाला 1 टक्का वाढवत 25 ते 60 जा; जिथे गर्दी दिसेल तेवढ्याच पट्ट्यात वेग अर्धा करा.

मे महिन्यात खोलीच 42 अंशांवर असते. साधा कॉलम ओव्हन फक्त तापवतो, थंड करत नाही. 35 वर लावलेला ओव्हन दुपारी नुसता नावाला उरतो आणि पिकाची वेळ रोज सरकते. कॉलमला झेपत असेल तर 60 ठेवा. वेळ स्थिर राहते, पीकही टोकदार होतं.

मधेच लाइन गेली तर तो नमुना तिथून पुढे चालवू नका. 95 टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलने कॉलम धुवा, सुरुवातीच्या मिश्रणावर स्थिर होऊ द्या, मग नमुन्याऐवजी नुसतं बफर सोडा. प्रथिनाच्या नेहमीच्या वेळेलाच बारीकसं पीक उगवलं, तर ते मागच्या नमुन्याचं कॉलममध्ये अडकलेलं प्रथिन. ते पूर्ण जाईपर्यंत पुन्हा धुवा.