‘पात्र’ : एका शब्दाची पार्श्वभूमी

‘पात्र’ म्हणजे कादंबरीतलं माणूसही आणि लायक ठरलेलाही. आत्महत्येवर कुमारांसाठी लिहिताना हा शब्द का अडतो, ते इथे मांडतो आहे. किशोरवयीन आत्महत्येवरच्या कादंबऱ्यांची चर्चा 1774 सालच्या जर्मन कादंबरीपासून, म्हणजे गटेच्या ‘वेर्थर’पासून, सुरू करायची रीत आहे. नायकाचा निळा कोट तरुणांनी उचलला आणि 1775 मध्ये लायप्झिगने पुस्तकासोबत त्या पोशाखावरही बंदी घातली. ते तेवढंच पुरे.

आपल्या कामाची आहे ती 2007 ची अमेरिकी कुमार-कादंबरी, जे ॲशर यांची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’. जीव देण्याआधी एका मुलीने भरून ठेवलेल्या सात कॅसेट, तेरा बाजूंवर तेरा कारणं, नेलपॉलिशने रंगवलेले आकडे, लाल ताऱ्यांचा नकाशा. कॅसेटमधली मुलगी बोलत राहते, पण तिला कुणी उलट उत्तर देऊ शकत नाही. समीक्षक नकाशावर रेंगाळतात. मला कॅसेटची चौदावी, आकडा नसलेली बाजू जास्त बोलकी वाटते. पुढे 2017 मध्ये कादंबरीवर मालिका आली आणि जुलै 2019 मध्ये तिच्यातलं मृत्यूचं दृश्य कापावं लागलं. ते आधीच कळायला हवं होतं. पण कारणांची यादी तशीच राहिली, आणि खरी अडचण त्या यादीतच आहे.

यवतमाळ-वर्ध्याकडच्या नववी-दहावीतल्या पोरांना ही यादी परकी नाही. जानेवारी 2006 च्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांसाठी एक लाखाची मदत ठरली: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी जमीन स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं हवं, आणि वसुलीचा तगादाही हवा. जिल्ह्याची समिती कागद बघून ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. मक्त्याने शेती करणारा, सोयऱ्याकडून उसने घेतलेला किंवा बिनपरवाना सावकाराच्या दारात गेलेला माणूस अपात्र. गावात आजही विचारतात, ‘केस पात्र झाली का?’ मदतीला निकष लागतात, हे मान्य. पण मेलेल्या बापाला लावलेला हा शब्द घरातलं पोरगं ऐकतं. एका माणसाच्या मरणाला कागदावर बसेल असं एकच कारण असावं लागतं, हेही ते त्याच अंगणात शिकतं.

मग तेच पोरगं मराठीच्या तासाला ‘कादंबरीतील पात्रे’ लिहितं. आता दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘नापास’ गेलं आणि ‘कौशल्य विकासास पात्र’ आलं. हेतू चांगला होता. शब्द निवडणाऱ्यांना वऱ्हाडात तो कसा ऐकू येतो हे कुणी सांगितलं नसावं.

‘आत्महत्या’ या शब्दातल्या ‘हत्ये’वरही वाद आहे. मे 2018 पासून लागू झालेला मानसिक आरोग्य कायदा असा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार धरत नाही, तीव्र ताणाखालचा माणूस धरतो. गावाची भाषा त्याआधीपासून ‘जीव दिला’ म्हणते. त्यात गुन्हा नाही, पण दानाची छटा आहे, आणि कुमारांच्या पुस्तकात मला तीही नको वाटते.

ऑक्टोबर 2022 पासून 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मोफत आणि दिवसरात्र. तो लावल्यावर पलीकडून माणूस बोलतो, ‘केस’ बसते का ते विचारत नाही.