आनुवंशिक कारणमीमांसा व मानसिक विकारांविषयीची अभिवृत्ती

मानसिक विकाराचे मूळ जनुकांत आहे असे कळल्यावर रुग्ण, त्याचे नातेवाईक व उपचार यांविषयी लोकांचे मत कसे बदलते, हा सामाजिक मानसशास्त्राचा व वैद्यकीय समाजशास्त्राचा अभ्यासविषय आहे.

वेड घराण्यातून येते ही समजूत जुनीच. तिला वैद्यकीय सिद्धांताचे रूप बेनेदिक्त मॉरेल या फ्रेंच वैद्याच्या १८५७ मधील अवनतीविषयक (पिढ्यानपिढ्या घराण्याचा ऱ्हास होत जातो या कल्पनेवरील) ग्रंथाने आले, असे सामान्यतः मानतात. मात्र मद्यपानासारख्या सवयींचे परिणामही पुढच्या पिढ्यांत उतरतात, असे मॉरेल मानत असे. त्यामुळे काटेकोर अर्थाने आनुवंशिक कारणमीमांसेचा प्रारंभ एर्न्स्ट रूडिन या मनोविकारतज्ज्ञाने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, रुग्णांच्या भावंडांवरील अभ्यासापासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. पुढे १९३३ च्या जर्मन निर्बीजीकरण कायद्याचे अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत रूडिन होता. या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांचे सक्तीने निर्बीजीकरण झाले.

युद्धोत्तर काळात छिन्नमनस्कतेचा (स्किझोफ्रेनियाचा) दोष आईच्या वागणुकीवर ठेवला जाई. जनुकीय स्पष्टीकरणाने हा दोष दूर होतो, तेव्हा कलंकही पुसला जाईल, अशी अपेक्षा होती. ती अर्धीच खरी ठरली. क्वाले, हॅसलम व गॉटडीनर यांच्या २०१३ मधील संकलित विश्लेषणानुसार (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून केलेल्या विश्लेषणानुसार) जैविक स्पष्टीकरणाने रुग्णाला दोष देणे कमी होते, पण तो बरा होईल ही आशाही मावळते. जो फेलन यांच्या २००५ मधील अमेरिकी प्रयोगात एका काल्पनिक रुग्णाचे वर्णन ऐकवून विकाराचे कारण कधी आनुवंशिक, तर कधी अन्य सांगितले गेले. आनुवंशिक कारण ऐकलेल्यांना विकार अधिक गंभीर व चिवट वाटला. खुद्द रुग्णापासून दूर राहण्याची इच्छा त्यामुळे बदलली नाही. रुग्णाच्या भावंडाबाबत मात्र ती वाढली, विशेषतः विवाह व संतती यांसंबंधी.

आनुवंशिकतेच्या आकड्यांचा अर्थही चुकीचा लावला जातो. छिन्नमनस्कतेची आनुवंशिकता जुळ्यांच्या अभ्यासांत सुमारे ८० टक्के येते. ही टक्केवारी लोकसंख्येतील व्यक्तींमधील फरकांपैकी जनुकांमुळे येणाऱ्या वाट्याची असून एखाद्या व्यक्तीला विकार होण्याची शक्यता नव्हे. एकबीज जुळ्यांपैकी एकाला विकार असता दुसऱ्याला तो सुमारे निम्म्या किंवा त्याहून कमी वेळा आढळतो.

भारतात हा प्रश्न मुख्यतः लग्न जुळवताना पुढे येतो. स्थळाची चौकशी करताना ‘घराण्यात कोणाला वेड आहे का’ हे आडून विचारले जाते. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) कलम ५ मधील अट मात्र वधूवरांच्या स्वतःच्या मानसिक स्थितीपुरती आहे. त्यांच्या नातेवाइकांच्या आजाराचा तीत उल्लेख नाही.