खळ्यातलं ऊन

आमच्या डिचोलीच्या घरी तुळशीच्या लग्नाआधी खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, बडवून, शेणानं सारवून तयार व्हायचं आणि पुढचे तीन-चार महिने निम्मं घर तिथेच मुक्कामाला असायचं. सकाळी आजी पाट घेऊन उन्हाकडे पाठ करून बसायची, पेजेची वाटी बाजूला. "आधी ऊन अंगावर घे, मग पुस्तक," हे तिचं रोजचं सांगणं. तिच्या लेखी ऊन म्हणजे ऊब. शरीराच्या घड्याळाबद्दल वाचू लागल्यावर मला कळलं, की त्या खळ्यात उबेपेक्षा मोठं काम उजेड करत होता.

गोव्याचा हिवाळा थंडीनं फार छळत नाही. पणजीत जानेवारीतलं किमान तापमान सरासरी २० अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी पारा ३२ च्या घरात जातो. जुलैतल्या दुपारपेक्षा जानेवारीतली दुपार जास्त तापते. तरीही या दिवसांत सकाळी उठवत नाही, अंग जड वाटतं. त्याचं मोठं कारण सूर्याच्या वेळापत्रकात आहे.

वर्षातला सगळ्यांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमाराचा. सूर्यही तेव्हाच सगळ्यांत उशिरा उगवत असेल, असा आपला समज. पण पणजीत त्या दिवशी तो सातला दोन-तीन मिनिटं असतानाच वर येतो. संक्रांत होऊन गेली तरी सूर्योदय आणखी आणखी उशिरा होत राहतो आणि जानेवारीच्या उत्तरार्धात सात वाजून पाच-सहा मिनिटांपर्यंत जातो. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे तिचा वेग वाढलेला असतो. त्यात तिचा आस कललेला. या दोन्हींमुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत चोवीस तासांहून काही सेकंद जास्त लागतात. ते सेकंद रोज साठत जातात आणि आख्खा दिवसच घड्याळात पुढे सरकतो.

त्यात आपण देशाच्या पश्चिम काठावर. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते, गोवा ७४ अंशांच्या जवळ. दर अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो. जानेवारीत कोलकात्याला आपल्यापेक्षा पाऊण तासाहून जास्त आधी उजाडतं, पण घड्याळ दोघांचं एकच. मे महिन्याच्या शेवटी सहाचा गजर होतो तेव्हा सूर्य दारात आलेला असतो. जानेवारीत त्याच गजराला तो तासभर लांब असतो. साडेसहाला नाक्यावर स्वेटरात मान खुपसून शाळेच्या बसची वाट पाहणारं पोर आळशी नसतं. त्याच्या शरीराच्या हिशोबानं रात्र अजून सरलेलीच नसते.

हा हिशोब मेंदूच्या तळाशी ठेवला जातो. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर पेशींचे दोन चिमुकले पुंजके आहेत. झोप, जाग, भूक, अंगाचं तापमान या सगळ्यांचा ताल तिथून सांभाळला जातो. असं घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, हे फळमाश्यांवर संशोधन करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. बहुतेक माणसांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. म्हणजे मोकळं सोडलं तर रोज थोडं मागे पडणारं. ते जागेवर आणतो सकाळचा उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, की त्यांचं मुख्य काम आकार दाखवणं हे नाही. उजाडलं की अंधारलं, एवढी वर्दी त्या मेंदूला देतात. रात्री उशिराचा लख्ख उजेड मात्र घड्याळाला आणखी मागे ढकलतो.

ट्यूबलाइटच्या खोलीत साधारण दोन-तीनशे लक्स उजेड असतो (लक्स हे उजेड मोजायचं एकक). खळ्यातल्या उन्हात तो दहा हजारांच्या पुढे जातो. सोप्यावर सावलीत बसलात तरी काही हजार मिळतात. डोळे झटकन जुळवून घेतात, म्हणून एवढा फरक आपल्याला जाणवत नाही. उत्तर युरोपात डिसेंबरचा दिवस सात-आठ तासांचा, काही ठिकाणी त्याहूनही लहान. तिथे अनेकांना हिवाळी उदासी ग्रासते. आपला सर्वांत लहान दिवसही ११ तास १२ मिनिटांचा असतो. उजेड आपल्याकडे मुबलक आहे, फक्त तो घ्यायला बाहेर यावं लागतं. उठल्यावर चहाचा कप घेऊन अर्धा तास अंगणात, बाल्कनीत, गच्चीवर बसा. सूर्याकडे थेट पाहायची गरज नाही.

आता रात्रीचं. पौषात फातर्प्याची जत्रा, म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा, मांडावर बायकांच्या धालोची गाणी, पहाटेपर्यंत चालणारी नाटकं. हॉटेलांत आणि टॅक्सीवर राबणाऱ्यांसाठी तर हेच हंगामाचे दिवस. जागरणं सोडा, असं मी म्हणणार नाही. धालोच्या फेरात एकमेकींच्या कमरेला हात घालून गाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. वर्षभराचा शीण तिथे उतरतो. पण जागरणानंतर सकाळी दहापर्यंत लोळलं, की शरीराचं घड्याळ आणखी मागे जातं. नेहमीपेक्षा फार तर तासभर उशिरा उठावं आणि उरलेलं देणं दुपारी फेडावं.

दुपारच्या झोपेबद्दल मला फार आस्था आहे. एक ते चार दुकानाची फळी लावणाऱ्या गोवेकराला बाहेरचे लोक सुस्त समजतात, 'सुशेगाद' म्हणून त्याचं चित्र रंगवतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत एवढाच. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान येणारी पेंग शरीराच्या तालाचाच भाग आहे; जेवण टाळलं तरी ती येते. वीस-तीस मिनिटांची डुलकी पुरते. त्यापुढे गाढ झोप सुरू होते आणि मधेच उठलं तर डोकं जड होतं. चारनंतर झोपलात, तर रात्री झोप यायला उशीर होतो.

पहाटे चार-पाचला अचानक जाग येते, अशी तक्रार या दिवसांत बऱ्याच जणांची असते. रात्री अकराला उकडतं म्हणून पंखा जोरात लावलेला असतो. पहाटेपर्यंत डोंगराकडून समुद्राकडे वाहणारा कोरडा वारा सुटतो, सत्तरी-सांग्याकडे धुकं उतरतं. स्वप्नं पडणारी झोप रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात जास्त असते आणि त्या अवस्थेत शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा जवळजवळ थंडावलेली असते. बाहेर सर्वांत गार वेळ आणि आत सर्वांत हतबल वेळ, दोन्ही एकदम येतात. पायथ्याशी एक गोधडी ठेवावी आणि पंख्याला टायमर लावावा.

झोप लागण्यासाठी अंगाच्या गाभ्याचं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ही उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः तळहात-तळपायांतून. पाय उबदार असले, की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झोप लवकर लागते, असं स्विस संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. झोपण्याच्या एक-दोन तास आधी गरम पाण्यानं अंघोळ केल्याचा फायदाही याच वाटेनं होतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी मात्र गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नये. भाजलेलं कळत नाही.

आजीच्या न्हाणीत संध्याकाळी तांब्याचं भाण तापत असे. हातपाय धुऊन आली, की ती कोकमाच्या बियांच्या तेलाचा गोळा काढायची. मेणासारखा घट्ट, फिकट. हे तेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून नुसत्या हातात ते मऊ होतं, पाझरत नाही. पळीत छोटासा तुकडा घेऊन ती समईवर धरायची, कडेनं तो पारदर्शक होत यायचा, मग कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब टाचेच्या भेगांत. वर जुने सुती मोजे. आम्ही गोष्टीसाठी शेजारी पडलेले असायचो, आणि गोष्टीतला राजा रानात पोचायच्या आधीच तिचा श्वास संथ झालेला असायचा.